हवं-नको बघणारे यंत्रमानव

संगणक जवळजवळ रिकामा बसून होता, माहिती वाहून नेणाऱ्या तारेतही भरपूर जागा होती, आणि तरी नऊशे मुलांना फाइल मिळत नव्हती. शलाकाला हे कोडं काही केल्या उलगडेना.

तिच्या वर्गाने ‘सूरपारंब्या’ नावाचा संगणकीय खेळ तयार केला होता. दुपारी चारला त्याची आंतरशालेय स्पर्धा होती. सकाळीच खेळात एक चूक सापडली. ती दुरुस्त करणारी अपडेट (जुन्या खेळात बदल करणारी नवी फाइल) मुलांनी शाळेच्या सर्व्हरवर (मागेल त्याला फाइल पुरवणाऱ्या संगणकावर) ठेवली होती. ज्यांना ती वेळेत मिळणार नाही, ते स्पर्धेतून बाद.

“दीडशे जणांना फाइल जाते आहे, बाकीचे खोळंबलेत,” शाळेचा यंत्रमानव गोट्या म्हणाला. “हे दीडशे खोलवाडीचे आहेत. त्यांची जोडणी तोडू का? रांग झटक्यात हलेल.”

खोलवाडी म्हणजे मालवणजवळ समुद्राच्या तळाशी वसवलेलं गाव. पाण्यातून संदेश रखडतच जात. शलाकाची मैत्रीण वसुमती गेल्याच वर्षी तिकडे राहायला गेली होती.

“खबरदार तोडलंस तर!” शलाका म्हणाली. पण दुसरा उपाय तिला सुचत नव्हता.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. स्पर्धेनिमित्त पंगत होती आणि शलाकाचे आजोबा पाहुणे म्हणून आले होते. त्यांचं सारं आयुष्य संगणकांची जाळी विणण्यात गेलं होतं. वाढायला सहा यंत्रमानव होते. शलाकाने त्यांना बजावलं, “सगळ्यांचं हवं-नको नीट बघा हं!”

पाच मिनिटांत एकच ओरडा सुरू झाला.

“ए गोट्या, इकडे वाढ की! पान कोरडं पडलंय!”

“थांब. मी आजोबांचं हवं-नको बघतो आहे.”

सहा यंत्रमानव सहा पानांसमोर खांबासारखे उभे राहून खरोखरच बघत होते! समोरच्याचं जेवण संपेपर्यंत पुढे सरकायचं नाही, असा त्यांनी अर्थ घेतला होता.

“आजोबा, लवकर जेवा ना!” शलाका म्हणाली.

“माझी कवळी ऐकेल तर ना,” आजोबा हळूच म्हणाले. “का, मला पानावरून उठवतेस?”

शलाका जागीच थबकली. “आजोबा! आमच्या सर्व्हरवरही हेच चाललंय का?”

आजोबांनी घास संपवला. “तुमच्या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये (मागण्या घेऊन फाइल वाढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) वाढपी किती?”

“दीडशे.”

“आणि प्रत्येक जण एकाच पानासमोर उभा. काम करत नाही, नुसता थांबतो. म्हणून संगणक रिकामा आणि रांग मात्र लांब. प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ रांधायचा असता, तर हे सॉफ्टवेअर कदाचित ठीक होतं. पण इथे सगळ्यांना एकच तयार फाइल वाढायची आहे.”

“मग पानात मावेल तेवढं वाढायचं आणि पुढे जायचं! पान रिकामं झालं की परत यायचं!”

“तसं वाढणारं सॉफ्टवेअर असतं. ते निवडा.”

“पण आता बदललं, तर ज्यांना अर्धी फाइल मिळाली त्यांचं काय?”

“त्यांचा खेळच नव्या वाढप्याला सांगेल, इथवर मिळाली, पुढची दे.”

शलाकाने आधी गोट्याला समजावलं, “मसालेभात वाढ आणि पुढे चालायला लाग.” मग ती संगणकाकडे धावली. अर्ध्या तासात नवं सॉफ्टवेअर सुरू झालं. आता अवघे चार वाढपी सगळ्या रांगेभर फिरत होते. नऊशे मुलांना अडीचच्या आत फाइल मिळाली. खोलवाडीची फाइल मात्र आपल्या संथ गतीनेच उतरत राहिली, पण कुणी त्यांची जोडणी तोडली नाही.

चारला सात मिनिटं कमी असताना वसुमतीचा निरोप आला, “सगळी मिळाली. आता हरायची तयारी ठेव!”

“पुढेमागे मंगळावरही शाळा निघेल,” आजोबा म्हणाले. “ते पान तर फारच लांब.”

“तिथेही वाढू,” गोट्या म्हणाला. “फक्त बघत उभा राहणार नाही.”