कण्हेरीच्या गोतातली गोळी

"महादे, कण्हेरीपसनं शेरडं हाक गं!"

लहानपणी रानात ऐकलेली बापाची, सिदूआप्पाची ती हाक महादेवीच्या कानातून अजून गेली नव्हती. तिचे पाय उचलेपर्यंत पाला खाऊन गाभण शेळी आडवी झाली होती. तेव्हापासून कण्हेर दिसली की सिदूआप्पा ती मुळासकट उपटायचा.

परंड्याच्या पेठेत स्वानंदचं औषधाचं दुकान. एकदा उन्हातून धापा टाकत ती पायरीवर टेकली, आणि त्यानं न विचारताच पाण्याचा तांब्या पुढं केला... मग दर महिन्याला गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन ती तिथंच येऊ लागली. "आप्पासाठी," म्हणायची. खरं तर लहानपणीच्या तापानं काळजाची झडप तिचीच अधू झालेली. तेवढं कळलं, की बघायला आलेले पाहुणे चहा अर्धा ठेवून उठायचे.

"आप्पांची तब्येत कशी आहे?" स्वानंद दर खेपेला विचारायचा. "त्यांना एकदा पाठवा की."

"का? मी आल्याचा तरास होतो व्हय?"

"होतो ना... तुम्ही गेल्यावर."

तेवढ्या एका वाक्यावर ती महिना काढायची. शेरडांमागं फिरताना ते ओवीसारखं घोळवायची.

गेल्या खेपेला तो म्हणाला, "हे औषध मूळचं एका विषारी झाडाच्या पानांतलं, बरं का. कण्हेरीत असतं ना, तसलंच विष! पण मोजून दिलं की थकलेलं काळीज सावरतं."

महादेवीनं घरी कौतुकानं सांगितलं — आणि आप्पानं पट्टी चुलीत घातली. "शेळी गेली, आता लेक बी देऊ व्हय त्या कण्हेरीला?"

आज ती दुकानात आली ती खांबाला धरूनच.

"आप्पानं गोळ्या जाळल्या. इषाच्या म्हणून."

स्वानंदचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं, अर्धवट बोललो. ही गोळी अशी मधेच तोडायची नसते. चला, मी येतो. पाया पडून समजावतो त्यांना. आजारी माणूस..."

त्यानं गाडीची किल्ली उचललीसुद्धा. महादेवी त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिली. हेही डोळे आता पाहुण्यांसारखे दुसरीकडं वळतील...

"थांबा." तिला दम लागला होता. "आप्पा धडधाकट हाय. गोळ्या माझ्या हायती... काळीज माझं अधू हाय. आन् तुमी आप्पाची तब्येत इचारायचा ना — तवा मला वाटायचं, माझीच इचारताय."