जोंगपिलला सुट्टी नाही

माझा थोरला मुलगा दोकसू मयताला जातो आणि तिथे बसून पुढच्या सामन्याचा संघ निवडतो. समोर मेलेल्याचा फोटो, उदबत्त्यांचा धूर, त्या मेलेल्याची आई जमिनीवर डोकं आपटतेय, आणि हा तिथेच वाढलेल्या तिखट रश्श्याचे भुरके मारत शेजारच्याला विचारतो, "आता गोलात कोणाला उभा करायचा?"

मी माझ्या कानांनी ऐकलं.

पुढे लिहितेय त्यातलं एक अक्षर खोटं नाही. मुखो बंदरात येऊन कोणालाही विचारा. आधी हसतील. मग दार लावून घेतील.

मेला होता तो जोंगपिल. आमच्या मासळी बाजाराच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर; संघ चालवतो माझा दोकसू. माणूस इतका भला की कोणीही हाक मारावी आणि त्याने हातातलं टाकून धावत यावं. कोणाच्या पेट्या उचल, कोणाचं गळकं छप्पर शाकार. माझ्या खानावळीतली रश्श्याची हंडी तोच उतरवायचा, आणि जाताना दारात थांबून विचारायचा, "मावशी, मी निघू?"

जानेवारीच्या अखेरीस तो माकुलं धरणाऱ्या बोटीवरून पडला.

सापडला तो जाळ्यात. तोंड खेकड्यांनी ठेवलं नव्हतं. त्याची आई ओकबुन, माझी जुनी मैत्रीण, तिने त्याला हातांवरून ओळखलं. पांढरे, फुगलेले हात... धुऊन ठेवलेल्या आतड्यासारखे.

आमच्यात माणूस गेला की एकोणपन्नास दिवस त्याचा जीव वाटेवर असतो. त्याचे कपडे जाळायचे आणि त्याला जाऊ द्यायचं. हाक मारायची नाही. हे शेंबडं पोरही जाणतं.

ओकबुनने सगळे कपडे गोळा केले. हातमोजे तेवढे मिळेनात.

दोकसू म्हणाला, "हरवले बघा, मावशी."

मार्च उजाडला आणि राष्ट्रीय चषक सुरू झाला. या चषकात मोठमोठे पगारी संघ आणि आमच्यासारखे मासे विकून खेळणारे, सगळे एका माळेत. हरला तो घरी. पहिल्या सामन्याआधी मैदानाच्या कडेला डुकराचं मुंडकं मांडून पूजा करतात. मुंडकं माझ्या खानावळीतून गेलं. हसऱ्या तोंडाचं बघून मीच निवडलं होतं.

शनिवार होता. भर दुपार, लख्ख ऊन. मी पोचले तोवर पूजा आटपली होती.

पाटावर मुंडकं. तांदळाची वडी. सुका मासा. आणि कडेला...

भाताचा वाडगा. त्यात चमचा उभा खोचलेला.

जिवंत माणसाला असा चमचा खोचून कोणी वाढत नाही.

"हे कोणाला वाढलंस रे?"

"जोंगपिलला." दोकसू दात कोरत होता. "आपलाच माणूस, आई. म्हटलं, ये बाबा, हंगामभर उभा राहा आमच्यासोबत."

"मेल्या, त्याचे दिवस नाही झाले अजून!"

"म्हणूनच तर. एकदा गेला की कुठला यायला?"

बाजारातले थोराड बाप्ये फिदीफिदी हसले. त्यांचीही मूक संमती होती. सगळ्यांना चषक हवा होता.

मी वाडग्यात पाहिलं...

भाताला मधोमध खड्डा पडला होता. खड्ड्यात पाणी. खाऱ्या पाण्याचा वास, आणि त्याखाली आणखी कसला तरी. शिळ्या आमिषाचा.

मुंडक्याकडे पाहिलं...

ते हसत नव्हतं. तोंड मिटलं होतं. उकडलेलं डुक्कर तोंड मिटत नाही हो. मी जन्मभर मुंडकी उकडत आलेय.

आणि मुंडक्याच्या मागे ठेवलेले होते जोंगपिलचे हातमोजे.

नवा गोलकीपर म्हणजे मिनचोल, खेकडे विकणाऱ्याचा मुलगा. त्याला फेकलेली मोसंबी झेलता येत नाही. तो ते हातमोजे घालून उभा राहिला. चेंडू डावीकडे गेला, तो उजवीकडे पडला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं...

चेंडू रेषेवर थांबला.

वारा नाही, चिखल नाही. नुसता थांबला. कोणी तळहात लावावा तसा.

सामना पेनल्ट्यांवर गेला आणि आम्ही जिंकलो. पुढची फेरीही तशीच जिंकलो. त्याच्या पुढचीही. बाजारात दारू वाहिली. हातमोजे दोरीवर वाळत घालायचे, ते वाळायचे नाहीत. कडक उन्हातही बोटांच्या टोकांवरून थेंब... थेंब... थेंब. खाली मांजरं जमायची. चाटायला जायची आणि ओकून पळायची.

तिकडे ओकबुन माझ्याकडे येऊन बसायची.

"ताई, माझा जोंगपिल स्वप्नात येत नाही गं."

"येईल."

"सगळ्यांचे येतात. निरोप घेऊन जातात. हा नाही येत. घरात त्याचा आवाज नाही, वास नाही. मेलेलं माणूस इतकं नसतं का गं कुठे?"

मी तिच्यापुढे रश्श्याचा वाडगा सरकवला.

एकोणपन्नासाव्या दिवशी तिने अंगणात कपडे पेटवले. पेटेनात. रॉकेल ओतलं, तरी नुसता धूर. सुकी लोकर ओल्या गोणपाटासारखी सूं सूं करत राहिली. अंगात येणारी बाई बोलावली होती. ती घंटा वाजवता वाजवता थांबली. नाकाला बाही लावली.

"हा इथे नाही," ती म्हणाली. "याला कोणीतरी कामाला लावलंय."

ओकबुनने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी तशीच उठून दोकसूकडे गेले.

"हातमोजे दे."

"एवढा सामना होऊ दे, आई. राजधानीकडचा पगारी संघ आपल्या मैदानात येतोय. सगळं गाव..."

"तिचं पोर अडकलंय रे!"

"त्याला तरी कुठे घाई आहे?" असं म्हणाला आणि हसला. मी पोटात वाढवलेलं तोंड ते.

सामन्याला मी मुद्दाम आमच्या गोलामागे उभी राहिले. गाव लोटलं होतं, ढोल वाजत होते. पण गोलाजवळ आलं की ढोल बुडल्यासारखे वाटायचे. कानात पाणी गेल्यावर वाटतं तसं. आणि मग ऐकू आलं...

श्वास. दमलेल्या माणसाचा. फुसफुसणारा, पाणी भरलेला.

मिनचोल तर गोलाच्या पार दुसऱ्या खांबापाशी उभा होता.

पगारी पोरांनी चेंडूंचा मारा केला. एकही आत गेला नाही. दर वेळी मऊ, ओला आवाज. ओट्यावर कलेजी आपटावी तसा. शेवटची पेनल्टी अडली आणि मैदान वेडं झालं. दोकसूला खांद्यावर घेतलं.

मिनचोल बाकावर बसून रडत होता. हातमोजे निघत नव्हते.

मांस कापायची कात्री माझ्या पिशवीत असतेच. मी मनगटापासून कापायला घेतलं. आतून कोमट, काळपट पाणी आलं. खवले आले. वास असा की बाजूची दोन दांडगी माणसं भिंत धरून ओकली. त्याची बोटं पांढरी, सुरकुतलेली... आणि पाण्याबरोबर एक नख खाली पडलं.

मी त्याची बोटं पाहिली. दाही नखं जागेवर होती.

मिनचोलने मान वर केली. हा पोरगा मला जन्मभर काकू म्हणत आलाय. त्या वेळी मात्र तो थकलेल्या आवाजात म्हणाला...

"मावशी, मी निघू?"

मी म्हटलं, "निघ रे बाळा. निघ."

हातमोजे आणि ते नख फडक्यात बांधून मी ओकबुनच्या अंगणात गेले. उरलेल्या कपड्यांवर टाकलं आणि काडी लावली. या वेळी पेटलं. चरबी जळते तसं तडतडत. दोघी जणी नाक न दाबता उभ्या राहिलो. तिचं लेकरू होतं ते.

सकाळी मी विचारलं, "आला का गं?"

तिने मान हलवली. "पावलं ऐकली, ताई. दाराबाहेर. मला वाटलं, आत येतोय. पण धावत गेली. कोणीतरी बोलावल्यासारखी... मैदानाकडे."

पुढचा सामना परगावी होता. मिनचोल अंथरुणातून उठेना, म्हणून दुसराच कोणी उभा केला. दुकानातून आणलेले कोरे हातमोजे. मी खानावळीतल्या टीव्हीवर पाहत होते. चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून गेला...

आणि रेषेवर थांबला.

रश्श्याचे भुरके मारणारी गिऱ्हाईकं ओरडून उठली. मला मात्र माझ्याच हंडीतला वास सहन होईना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या गर्दीत दोकसू आला. लाल डोळे, तोंडाला दारूचा भपकारा. गिऱ्हाईकांनी टाळ्या वाजवल्या. हा राजासारखा बसला.

"वाढ गं आई. भूक लागलीय."

"हातमोजे मी जाळले होते," मी म्हटलं. "मग हे कसं झालं?"

"हातमोजे कशाला लागतात?" वाडगा तोंडाला लावून तो म्हणाला. "आता भातही वाढावा लागत नाही. मी नुसती हाक मारतो. येतो तो. भला माणूस आहे, आई. नाही म्हणता येत नाही त्याला."

आणि ढेकर दिला.

हंगाम अजून संपलेला नाही. पुढची फेरी आहे, त्याच्या पुढचीही आहे. ओकबुन अजून दाराला कडी लावत नाही. हे थांबवायचं कसं ते मला ठाऊक नाही. जीभ माझ्या पोराची आहे, ती कापून कशी जाळू?

पण जे माझ्या हातात होतं ते मी केलं. त्याच्यापुढचा वाडगा उचलला आणि मोरीत ओतला. टाळ्या थांबल्या. सगळी खानावळ ऐकत होती. म्हटलं, ऐकू दे.

"दोकसू, तू थोरला. बापाचं श्राद्ध तू घालतोस, माझंही तूच घालायचं होतंस. आजपासून तो मान तुझा नाही. मी मेले की सगळं तुझी धाकटी बहीण करेल. माझा फोटो तुझ्या घरात लागायचा नाही, माझ्या नावाने भात शिजायचा नाही, आणि तुझ्या तोंडून 'आई' हा शब्द निघायचा नाही. तू हाक मारलीस तर मी आई आहे रे, येईनच. आणि तू मला या चुलीपुढे उभी करशील."