बदकूचं बीळ

“विभा, सूर्य बुडाला! आता बदकू येणार!” रय्यान कुजबुजला.

त्याने सांगायला कशाला हवं! विभा केव्हाची वाळूवर पालथी पडून बिळाकडे टक लावून पाहत होती. ईदच्या सुट्टीत विभाच्या आणि रय्यानच्या घरांनी सौदीतल्या जुबैलबाहेरच्या वाळवंटात तंबू ठोकले होते. काल संध्याकाळी या बिळातून बोटभर पाल बाहेर आली होती. वाळूचाच रंग, आणि बोटांमध्ये बदकासारखे पडदे! म्हणून तो बदकू. घरात पाल दिसली की किंचाळणारी विभा त्याच्यावर मात्र जीव टाकू लागली होती. कुणाचा पाय पडू नये म्हणून तिने सकाळीच बिळाभोवती दगडांचं कडं केलं होतं.

अंधारून आलं तरी बदकूचा पत्ता नाही. विभाने बिळावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

“रय्यान, भाजतंय! बाजूची वाळू तर गार आहे!”

ती धावतच सुटली. “बाबा, दुपारच्या चुलीतले निखारे कुठे टाकलेत?”

“पुरले की! वर वाळू लोटली, खलास! केव्हाच विझले ते.”

“उन्हाची ऊब असेल गो ती,” रय्यानचे अब्बा, जमालुद्दीनचाचा, हसले.

“बघूच!” म्हणत रय्यानने एक अंडं बिळापाशी पुरलं आणि दुसरं गार वाळूत. जेवताना त्याने दोन्ही अंडी विभाच्या बाबांपुढे ठेवली. “फोडा, काका!”

एक बदाबदा सांडलं. दुसरं मात्र पार शिजलेलं!

“या अल्ला! आमची मासूमा तिथेच अनवाणी खेळते!” चाचा फावडं घेऊन धावले. वाळूखाली निखारे अजून लाल होते. पाणी ओतून ते विझवले, तेव्हा खाली बदकू सापडला. मेलेला.

“बाबा, दगडांचं कडं दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं ना, बाळा. मला वाटलं, तू निखाऱ्यांसाठीच जागा करून ठेवलीस.”

म्हणजे निखाऱ्यांना बदकूच्या बिळाची जागा विभानेच दाखवली होती!

“शाबास, पोरांनो! माझ्या मुलीचे पाय वाचवलेत!” चाचांनी रय्यानची पाठ थोपटली. बाबाही विभाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “शहाणी गं माझी!”

“नका ना म्हणू, बाबा!” विभा कशीबशी म्हणाली, आणि त्यांच्याच कुशीत तोंड खुपसून धाय मोकलून रडली.