हिलालची तीन बोटं

हसायचं तर हसा. पण नवल माझा सख्खा मावसभाऊ आहे, दारूला शिवत नाही, आणि त्याच्या मनगटावरचे वळ मी स्वतः पाहिलेत.

जळगावची एमआयडीसी. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्र नव्हती, भर दुपार होती.

नवल प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात कामाला. शेजारच्या मशीनवर त्याच्याच गावचा, धरणगावकडचा हिलाल. त्याच्या आदल्या दिवाळीच्या आधी हिलालचा उजवा हात मशीनच्या फणीत सापडला. विणलेल्या नळ्या ठोकून बसवणारी ती जड लोखंडी फणी. अंगठा आणि करंगळी वाचली. मधली तीन बोटं गेली.

दवाखान्यातून निरोप आला, बोटं बर्फात घालून आणा. सगळ्यांनी मशीनखाली शोधलं, कचऱ्यात शोधलं.

बोटं सापडलीच नाहीत...

ठेकेदार म्हणाला, घरी पडलो असं लिहून दे. पण हिलालची बायको दिपमाला धुळ्याच्या देवपूरची, गप्प बसणारी नव्हे. "हात कामवर गया, घर नही," असं तोंडावर सांगून तिने नवऱ्याला सही करू दिली नाही. थेट कामगार न्यायालयापर्यंत गेली. भरपाई मिळाली, उपचाराचा खर्च मिळाला, आणि हिलालला गेटवर बसून करायचं काम मिळालं. खुर्ची, पंखा, शेजारी माठ.

तिथून नवलच्या पोटात जळायला लागलं.

खोटं कशाला बोलू, माझा भाऊ असला तरी माणूस जळकुकडा. हिलालने घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकला, झोप याची उडाली. "तीन बोटेच तं गयात," तो बायकोला म्हणायचा. "आते सारं सुख त्यालेच." रोज तेच ऐकून मेघा, म्हणजे त्याची बायको, एकदा कावली. ताट आपटून म्हणाली, "मंग तू बी दे ना तुन्हा!"

ती रागात बोलली. याच्या डोक्यात मात्र ते घर करून बसलं.

त्या दुपारी लाइट गेली. सगळे कामगार बाहेर निंबाखाली जाऊन आडवे झाले. नवल एकटा आत राहिला. त्याने मशीनचं बटण चालूच ठेवलं आणि डाव्या हाताची करंगळी फणीखाली सरकवली. लाइट आली की काम झालं. एकच बोट, तेही डाव्या हाताचं. मग आपणही खुर्चीवर.

डोळे मिटून तो थांबला. पत्रे उन्हाने तडतडत होते. बाहेरची बोलणी ऐकू येत होती.

मग ती ऐकू येईनाशी झाली...

खट्.

आवाज त्याच्या मशीनचा नव्हता.

खट्... खट्...

हिलालचं मशीन. दिवाळीपासून बंद, पट्टासुद्धा काढून नेलेला. नवलने डोळे उघडले. त्या मशीनची फणी हलत नव्हती. आवाज मात्र येतच होता, आणि जवळ येत होता...

त्याच्या मनगटाला काहीतरी गार लागलं.

एक... दोन... तीन.

बोटं होती. अंगठा नव्हता, तळवा नव्हता. ती मनगटावरून पुढे सरकली. बाजारात भेंडी निवडावी तशी त्याचं एकेक बोट चाचपू लागली. मग पुन्हा मनगटावर आली आणि गच्च आवळली. नवलने हात ओढला, येईना.

तो सांगतो, त्या क्षणी त्याला सगळं कळलं. ही बोटं जळत होती. भरपाई हिलालला मिळाली, खुर्ची हिलालला मिळाली. त्यांना काहीच नाही.

त्यांना हात हवा होता.

डोक्यावरचा पंखा घरघरला. फणी आपटली.

नवल जमिनीवर पडला होता. दहाही बोटं जागेवर. हात बाहेर कसा आला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

धडपडत तो गेटवर गेला. हिलाल खुर्चीवर घामाने निथळत बसला होता, उजवा हात छातीशी धरून.

"नवलभो, आत्तेच मन्हा बोटे दुखनात."

"कोणता बोटे?"

"ज्या नहीत, त्याच. कोणाना तरी हात धरेल व्हता मी... गरम हात. सोडाले मनच व्हयेना."

नवलने मनगट चोळलं. "बाहेर वढी ऱ्हायंता का आत ढकली ऱ्हायंता?"

हिलाल नवलच्या हातांकडे बघत राहिला.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "तू भाकर मोडस ना, ते मी गेटवरून रोज देखस. मन्ही पोरनी वेनी बी माले घालता येत नही आते. तुन्हा हात देखीसन मन्हा पोटमा आग पडस, भो."

इतके दिवस आपण एकटेच जळतोय असं नवल समजत होता.

ते तीन वळ अजून आहेत. अंगठ्याचा नाही. डॉक्टर म्हणतात, अ‍ॅलर्जी. लाइट गेली की नवल सगळ्यांच्या आधी बाहेर पळतो.

परवा मालकाने हिलालच्या मशीनला नवा पट्टा बसवला. सोमवारपासून ते नवलने चालवायचं आहे.

मी फोनवर म्हटलं, सोडून दे ते काम.

"घर याच हातवर चालस ना, दादा," तो म्हणाला. मग फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला.

"पन मनगट आज सकायपाइन गार पडी ऱ्हायनं... कोनी तरी धरी ठेयेल शे."