शेजारच्या खुर्चीतली ऊब

यातलं एक अक्षरही माझ्या मनाचं नाही. तौस हयात आहे, तिलाच विचारा.

गेल्या रमजानचा शेवटचा आठवडा. अल्जीरियातलं कॉन्स्टंटीन शहर. रोजा सोडायची वेळ... रस्त्यावर चिटपाखरू नाही.

तौस आणि मी एकाच प्रयोगशाळेत पीएचडी करत होतो. संगणकाची चिप तापून का जळते, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी केसाहून हजारपट बारीक तारेतून उष्णता कशी वाहते, ते ती मोजायची. यंत्र इतकं नाजूक, की खोलीत दुसरं माणूस शिरलं तरी त्याच्या अंगाच्या उबेनं आकडे बिघडायचे.

म्हणून सगळे घरी गेले, की ती प्रयोगशाळेच्या तळघरात एकटीच बसायची. तिचं गाव लांब, डोंगरात.

मी शोरब्याचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला.

"हौरिया, दारात उभी राहून चेष्टा करतेस ना?"

"अगं, मी घरी आहे! आई खिम्याचे बोरेक तळतेय. ये की तू पण."

"मग आकडे का चढतायत...? खोलीत कुणीतरी आलंय."

"यंत्र बिघडलं असेल, बाई."

फोनमधून तिची पावलं ऐकू आली.

मग हळूच म्हणाली, "शेजारची खुर्ची कोमट आहे. आत्ताच कुणी उठल्यासारखी..."

"तौस, बाहेर पड!"

"कशाला? बसू दे की."

त्यानंतर ती आमच्याकडे एकदाही जेवायला आली नाही. आई रोज तिचं ताट वाढायची, मी रोज फोन करायची.

"आज नको गं. सोबत आहे मला."

"आणि तुझे आकडे?"

"मरू देत आकडे."

ईदच्या आदल्या संध्याकाळी मी तिला ओढून आणायला गेले. तळघरात शिरले...

तौस यंत्रापुढे बसली होती. ओठ निळे. मी हात धरला.

बर्फ!

दचकून मी शेजारच्या खुर्चीला टेकले... आणि चटका बसल्यासारखी मागे झाले.

ती ऊब कुणाच्या अंगातून जात होती, ते मला तेव्हा कळलं.

मी तिला खेचत बाहेर नेलं. ती रडत होती.

"निदान निरोप तरी घेऊ दे गं!"

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ तिला गावी घेऊन गेला. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

परवा तिचा फोन आला. जुलैचं ऊन नुसतं आग ओकतंय. तिच्यामागे भाचरांचा गोंधळ ऐकू येत होता.

"दोन स्वेटर घातलेत," ती म्हणाली. "घर माणसांनी भरलंय, हौरिया. पण कुणाचीच ऊब लागत नाही."

मग तिनंच विचारलं...

"सुट्टी संपून प्रयोगशाळा कधी उघडणार?"