एकशे पासष्ट किलो

इस्त्रीवरून मी त्याला ओळखलं.

सकाळचे साडेपाच, परका देश, गेट क्रमांक अकरा. आजूबाजूचे प्रवासी चुरगळलेले, पेंगुळलेले. त्यात हा एकटाच कडक शर्ट आणि काळे बूट घालून ताठ बसलेला, नजर काउंटरवरच्या बाईवर खिळलेली. फुकट तिकिटावर जाणारा विमान कंपनीचा माणूस अगदी असाच दिसतो. मीही तशीच दिसत होते म्हणा. पैसे भरलेले सगळे प्रवासी बसले आणि एखादी सीट उरली, तरच आम्हाला मिळते. तीही नोकरीत जो आधी लागला त्याला आधी. तोवर नीटनेटकं राहायचं आणि काउंटरवरच्या बाईला अजिबात पिडायचं नाही.

"तुम्हीपण उरल्यासुरल्यातल्या का?" त्यानेच विचारलं.

"कशावरून?"

"दहा मिनिटांत सात वेळा पडद्यावरची यादी बघितलीत."

"आणि तुम्ही मला सात वेळा बघितलंत. मोजलंत म्हणून म्हणते."

तो चक्क लाजला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या... आणि मला एकदम झोप उडाल्यासारखं झालं.

तो आमच्याच कंपनीत विमानं दुरुस्त करत होता. मित्राच्या लग्नासाठी इथे आला होता. मी मावसबहिणीचं बाळ बघायला आले होते. अकरा वर्षं तो आमच्या विमानतळावर हँगरमध्ये, नऊ वर्षं मी वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात — आणि भेट कुठे, तर इथे.

"वरच्या मजल्यावर काय करता?"

"वजनं. माणसं किती, बॅगा किती, इंधन किती, कुठलं सामान पुढे आणि कुठलं मागे. माझ्या सहीचा कागद गेल्याशिवाय विमान जागचं हलत नाही."

"म्हणजे मी रात्रंदिवस घाम गाळायचा, आणि हलायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं."

"असंच काहीसं."

बाहेर विमानाला जाग येत होती. बोलता बोलता त्याने डोळे मिटले. "ऐकलंत? डावीकडचा पंप. जरा कुरकुरतोय."

"बायकोबद्दल बोलल्यासारखं बोलताय."

"बायको नाहीये. म्हणून तर पंपाचं ऐकतो."

मी हसले. मग का कोण जाणे, अनोळखी माणसाला सांगू नये ते सांगून बसले. आई शाळेत विज्ञान शिकवते. आज तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस, चौतीस वर्षांनी. दुपारी चारला निरोप समारंभ. तिच्या प्रत्येक समारंभाच्या वेळी मी नेमकी ड्युटीवर असते. या वेळी मी सुट्टी घेतली, आणि त्या सुट्टीत बाळ बघायला इथे येण्याचा शहाणपणा केला. परतीची विमानं भरून वाहतायत हे काल कळलं. फोनवर आई एवढंच म्हणाली, "नसेल जमत तर राहू दे गं. तू येणार नाहीस, हे मी धरूनच चाललेय." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तो "पाणी आणतो" म्हणून उठला आणि जरा जास्तच उशिरा, रिकाम्या हाताने परत आला.

शेवटी काउंटरवरच्या बाईने मान वर केली. एकच सीट उरली होती. आता याचं नाव येणार हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी आधीच हसायची तयारी केली. नाव पुकारलं गेलं ते भलतंच. आमच्या मागच्या बाकावर डोक्यावर कोट ओढून घोरत असलेला एक मिशीवाला गृहस्थ धडपडत उठला आणि डोळे चोळत विमानात शिरला. आमच्याच कंपनीतला, खानपान विभागातला. नोकरीला दहा वर्षं, हे नंतर कळलं.

मेकॅनिकचा चेहरा पडला. नुसता पडला नाही, पांढरा झाला.

मी काउंटरवर गेले. "यांचं नाव का नाही आलं? हे सीनियर आहेत."

"त्यांनी स्वतःच काढायला सांगितलं," बाई म्हणाली. "म्हणाले, माझ्या खालच्या नावाला द्या. खालचं नाव त्यांचं होतं, मिशीवाल्यांचं. तुमचं त्याच्या खाली."

मी वळले. तो बुटांकडे बघत उभा होता.

"मला वाटलं, आपण दोघंच आहोत," तो पुटपुटला. "तो कोट... मला वाटलं साधा प्रवासी. यादी नीट बघायला हवी होती."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

मला राग आला होता, खरंच. पण अर्ध्या तासाच्या ओळखीवर कुणी आपली सीट सोडून दिली, हे काही केल्या मनात मावेना. माझ्या घरच्यांनीही माझ्यासाठी असं चोरून काही केलेलं मला आठवत नव्हतं. मी त्याच्याकडे नव्याने बघितलं. नखांच्या कडेला न निघणारं काळं वंगण, हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक रेघ. हा माणूस मला आवडला होता. रागासकट आवडला होता.

पुढचं विमान नऊ-चाळीसचं. पाच तासांहून कमी प्रवास, आमच्याकडे घड्याळ एक तास पुढे. वेळेवर उतरलं, तर अजूनही समारंभ गाठता येणार होता. या वेळी आम्ही सगळी बाकं फिरून, कुणाच्या डोक्यावर कोट नाही ना, ते बघून आलो.

सव्वानऊला बाईने बोलावलं. "सीटा दोन आहेत. पण एकालाच सोडता येईल. समोरून जोराचा वारा आहे, जास्तीचं इंधन घेतलंय. वजनाला जागा नाही."

"किती उरलंय?" मी विचारलं.

"एकशे पासष्ट किलो."

"तुम्ही जा," तो लगेच म्हणाला.

"तुम्ही जरा गप्प बसा."

माणशी ऐंशी, हातातल्या पिशवीसकट. दोघांचे एकशे साठ. माझी बॅग तेवीस, त्याची एकतीस. गणित तिसरीतल्या पोरीचं होतं. "बॅगा नकोत," मी म्हटलं. "दोन्ही इथेच राहू द्या. माणसं तेवढी घ्या. एकशे साठ."

बाईने त्यांच्या वजनवाल्याला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी आकडे सांगितले, पलीकडून बटणांची खटखट, मग एक कोरडा आवाज — "बरोबर आहे. पाठवा दोघांना."

"तुमच्या बॅगेत काय आहे?" मी त्याला विचारलं. "एकतीस किलो?"

"पान्यांचा संच. जुना, पण असा आता बनत नाही. चार वर्षं शोधत होतो." त्याने बॅगेच्या दिशेने एकदा बघितलं. "येईल मागून. नाही आला तर नाही आला. चला, दार लावतील."

सीटा शेवटच्या रांगेत होत्या. खिडकी त्याने मला दिली.

एक गोष्ट मी ऑफिसात कुणाला सांगितलेली नाही. नऊ वर्षं मी फुकट तिकीट वापरलं नव्हतं, कारण स्वतःच्याच आकड्यांवर बसायची मला भीती वाटायची. येताना पहिल्यांदा बसले, तेही दोन झोपलेल्या माणसांच्या मधे, समोरच्या सीटचं कव्हर बघत. आज शेजारी खिडकी होती. विमान धावायला लागलं आणि मी मुठी आवळल्या.

"पंखाकडे बघा," तो हळूच म्हणाला. "टोकाकडे. आता वर वाकेल तो."

"वाकेल?"

"वाकायलाच हवा. सगळं ओझं आता तो उचलतोय."

आणि तो वाकला. मोठं टोक हलकेच वर उचललं गेलं, खालची जमीन सुटली... त्र्याहत्तर हजार किलो. रोज मी तो आकडा लिहिते, खाली सही करते, चहा पिते. माझ्या अंगावर शहारा आला. रस्ते बारीक होत गेले, ढग आले, ढग खाली गेले, आणि वर ऊनच ऊन, एवढं स्वच्छ की डोळ्यांत पाणी आलं. खाली पांढरं पठार पसरलं होतं, शेवट न दिसणारं, आणि आमची इवलीशी सावली त्यावरून पळत होती.

"हे... हे रोज असं असतं?"

"रोज."

"आणि मी खाली बसून बेरजा करते."

"त्या बेरजा चुकल्या असत्या, तर हे दिसलं नसतं," तो म्हणाला. "मघाशी तुम्ही फोनवर बोलत होता ना, तेव्हा मी नुसता बघत राहिलो. मला पाने कळतात, पंप कळतात. पण अख्खं विमान डोक्यात धरणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं."

पुढचे चार तास आम्ही खूप बोललो आणि त्याहून जास्त वेळ नुसतेच बाहेर बघत राहिलो.

तीन-वीसला उतरलो. बॅगा नव्हत्या, त्यामुळे पट्ट्यापाशी थांबायचं नव्हतं. त्याची मोटरसायकल स्टाफच्या पार्किंगमध्ये होती. "बसा," तो म्हणाला, आणि मी बसले.

शाळेच्या हॉलच्या दारात पोचलो तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते. हार झाले होते, मुख्याध्यापकांचं भाषण झालं होतं. आई माइकपाशी उभी होती, चष्मा लावून, हातातल्या कागदावरून वाचत. आम्ही आत शिरलो तशी तिची नजर वर गेली. ती थांबली. हॉलमधल्या सगळ्या माना मागे वळल्या.

"माफ करा," आई माइकमध्ये म्हणाली. "पुढचं वाक्य मी असं लिहिलंय — माझी मुलगी आज येऊ शकली नाही, आणि मी ते समजू शकते." तिने मुख्याध्यापकांकडे हात पुढे केला. "सर, जरा पेन देता?"

आणि तिने ते वाक्य खोडलं. सावकाश, दोनदा रेघ मारून, वह्या तपासताना मारते तशी. मग चष्मा काढून पुसला. तो काही लवकर पुसून होईना.

मी रडत होते, हसत होते, काय करत होते देव जाणे. टाळ्या सुरू झाल्या. शेजारी तो दाराच्या कडेला चिकटून उभा होता, परक्या घरात आल्यासारखा.

"मी निघू का आता?" तो कुजबुजला. "घरचा कार्यक्रम आहे तुमचा."

"थांब."

"कशाला?"

"आई विचारणार, हा कोण. आणि मला खरं सांगायचंय."

त्याच्या कानांच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. "खरं काय आहे?"

"खरं हे की मला तू आवडतोस. सकाळपासून."

टाळ्यांत त्याचं उत्तर मला धड ऐकू आलं नाही. पण त्याने माझा हात धरला, वंगणाच्या बोटांनी, घट्ट. स्टेजवर आईने चष्मा पुन्हा लावला होता, आणि कागद बाजूला ठेवून ती आमच्याकडेच बघत होती.