लाल कुठं आहे, सिलेने?

"इथं आसाई कुठं मिळेल हो?"

आमच्या दुकानाच्या लाल झेंड्याखाली उभं राहून तो मलाच विचारत होता. आमच्या बेलेम शहरात शेंबडं पोरही सांगेल, लाल झेंडा म्हणजे आसाई, जांभळ्या फळांचा ताजा गर.

"झेंडा डोक्याला लागतोय तुमच्या. दिसत नाही का?"

"झेंडा दिसतो," तो ओशाळून म्हणाला, "लाल... दिसत नाही. जन्मापासून."

मी जीभ चावली. तो मात्र हसला — आणि मी वाडगा काठोकाठ भरला.

त्याचं नाव ओझिएल. समोरच्या गोदामात तो गाण्याच्या जलशांसाठी स्वतःच्या हातानं लेझर बनवत होता. लाल, हिरवा, निळा असे तीन किरण. इवल्या आरशांचे स्क्रू पिळून ते एकावर एक आणले की भिंतीवर एकच पांढरा ठिपका. जवळ जुळले तरी लांबच्या भिंतीवर फुटून वेगळे व्हायचे. आणि या पठ्ठ्याला नेमका लालच दिसेना.

"तुझे डोळे उसने देशील?" म्हणाला. तेव्हापासून रोज दुपारी दुकान मिटून मी लांबच्या भिंतीशी.

"लाल कुठं आहे, सिलेने?"

"हिरव्याच्या डावीकडं. अजून थोडा... अजून... बस."

"नक्की?"

"तुझ्यापेक्षा तरी नक्की."

मग तो बघायला यायचा — न दिसणारं. खांद्याला खांदा लागायचा, आणि कुणीच सरकायचं नाही.

पुढं रोजचा पाऊस. ओलीनं आरशांखालचं प्लायवूड फुगायचं आणि दुसऱ्या दिवशी लाल पुन्हा बाहेर. तो कपाळाला हात लावायचा. मला मेलीला दया यायची. यंत्र तयार झालं की लांबच्या सांतारेमला जाणाऱ्या जलशांच्या बोटीवर वर्षभराचं काम होतं त्याला. तो जाणार म्हणून जीव तुटायचा माझा. पण त्याचं स्वप्न एका फळीपायी अडावं, हेही बघवेना. शेवटी मामाच्या बोटींच्या कारखान्यातून ॲल्युमिनियमची जाड प्लेट मागून आणली.

प्लेट बघून त्याचा चेहरा उतरला.

"आवडली नाही?"

"चांगली आहे," तो म्हणाला. "फार चांगली आहे."

आरसे तिच्यावर बसले. पाऊस येऊन गेला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर एकच ठिपका होता, पांढराशुभ्र.

"जागेवर आहे लाल," मी म्हटलं.

त्यानं प्लेटच्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "प्लायवूड फुगतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अशी प्लेट माझ्याकडंही आहे... खाटेखाली."

"मग लावली का नाहीस?"

"तू रोज यायचीस ना."

मला रडूच कोसळलं. "बोटीच्या मालकाला सांग, जुळत नाही म्हणून."

"त्याचा माणूस सकाळीच बघून गेला. उद्याची बोट आहे. तू... येशील?"

घरी अंथरुणाला खिळलेली आई, दुकानात मी एकटी. ते त्यालाही माहीत होतं. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

"मग आजच्यापुरतं बिघडव," मी म्हटलं. "एकच स्क्रू."

त्यानं स्क्रू पिळला. लाल सरकून बाहेर आला. मी डोळे पुसून भिंतीशी गेले. संध्याकाळपर्यंत आम्ही तो जुळवत राहिलो. मी मुद्दाम चुकीचं सांगत होते आणि तो मुद्दाम ऐकत होता. दिवस कलला तेव्हा मीच म्हटलं,

"जुळलं, ओझिएल. जा आता."